शेवटचे पाच वेढे

खंडेनवमीला गॅरेजात झेंडू येतो,
दोन पाट्या, खानापूरच्या बाजारातला,
आणि पोरं पहिली माळ विंचच्या हुकाला घालायला धावतात.
मी म्हणतो, थांबा की गा.
माळ मागनं. आधी दोर सगळा बाहेर काढा.

क्लच सैल केला की ड्रम नुसता फिरतो, आवाज नाही.
एकजण हुकाचा पट्टा धरून चालत जातो
गेटाबाहेर, पार पाण्याच्या टाकीपर्यंत.
वेढ्यांच्या आत वर्षाचा चिखल:
कणकुंबीचा तांबडा, कुठल्या तरी ओढ्याची वाळू,
करवंदाचं एक वाळलेलं पान.

पुसायचं हातमोजा घालूनच.
तुटकी तार दिसत नाही, लागते.
मी नवखा होतो तेव्हा दस्तगीर मिस्त्रींनी
हात पुढं केला होता. साडेचार बोटं.
अर्धं कुठं गेलं, मिस्त्री?
ड्रमकडं हनुवटी करून म्हणाले,
आत आहे. गुंडाळताना सापडंल तुला.

त्यांचा हिशेब उर्दूत चालायचा,
शिकवणं मराठीत,
आणि जिवावर बेतलं की कन्नड.

चोर्ल्याच्या वळणाआधी एकदा
उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्या वृषभची नवी जीप
भातखाचरात पोटावर बसली होती.
त्यानं फणसाला दोराचा फास दिलेला,
हुक त्याच दोरात अडकवलेला.
मिस्त्री काही बोलले नाहीत. सोडवलं.
फणसाला रुंद पट्टा लावला, साल वाचावी म्हणून,
दोरालाही आपल्याच अंगावर कुरतडू नये म्हणून.
मग ओढ्यात पोतं बुचकळून
ताणलेल्या दोरावर टाकलं, मधोमध.
वृषभ हसला. थंडी वाजालीय काय दोराला?
आणि हसत हसत पलीकडं जायला पाय उचलला.

दाटबेडोऽ!

पाय हवेत राहिला.
मिस्त्रींनी बोट दाखवलं, तो तिथून मागं, लांब,
दोराच्या लांबीहून लांब जाऊन उभा राहिला,
रुसल्यासारखा.
मोटर मिनिटभर चालली, थांबली,
मिस्त्रींनी तिच्या अंगाला हात लावून बघितला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
निवू दे म्हणाले. इंजिन चालू ठेव, बॅटरी पिऊन टाकतंय हे.
दुसऱ्या ओढीला दोर तुटला.

आवाज आठवत नाही मला.
पोतं आठवतं. दोराला मिठी मारून
ते चिखलात खाली पडलं, तिथंच,
वृषभच्या बुटाचा ठसा होता त्याच्या वीतभर अलीकडं.
बराच वेळ कुणी गाडीत बसलं नाही.

नव्या दोराचे पहिले पाच वेढे
मिस्त्रींनी तांबड्या रंगानं रंगवले.
बाहेर सोडताना तांबडं दिसलं की थांब.
ड्रमला दोराचं टोक खिळ्यानं धरलेलं असतं,
खिळा काय, नावाला.
गाडी ओढतात ते हे पाच. ते कधी द्यायचे नाहीत.

आता दोर परत घेतो आम्ही
दुसऱ्या गाडीला अडकवून, तिचा हँडब्रेक अर्धा ओढून,
वेढ्याला वेढा चिकटून बसावा म्हणून.
सैल गुंडाळलेला दोर
ओझं आलं की खालच्या वेढ्यात घुसतो
आणि रात्री बारा वाजता जंगलात तिथंच अडकतो.
बॅटरीची काळी वायर काढतो.
हुकाच्या जिभेला ग्रीस.
रिमोट बिस्किटाच्या डब्यात, कुलपात,
कारण गल्लीतल्या पोरांना बटण दिसलं की बोट शिवशिवतं.

मिस्त्री आता येत नाहीत, गुडघे गेलेत.
माळ हातात घेऊन मी फोन लावतो.
तिकडं कुकरची शिट्टी, नातवंडांचा दंगा.
तांबडं दिसालंय काय? ते विचारतात.
नाही मिस्त्री. सगळं झाकलं.
थोडा वेळ काहीच नाही,
मग,
हं. घाल मग माळ.
हातमोजा काढून घाल.